भिंतीलगतची खानावळ

आमच्या घरमालकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खोलीत स्टोव्ह नाही, गॅस नाही, शेगडीसुद्धा नाही. आधी राहून गेलेल्या पोरांनी एक भिंत धुरानं काळी केली होती. ती त्यानं आम्हाला हात लावून दाखवली. त्यामुळे भंडाऱ्यातली माझी तीन वर्षं बाहेर खाण्यातच गेली. बाहेर म्हणजे हॉटेलात नव्हे. कॉलेजच्या कुंपणभिंतीला पाठ लावून टिनाच्या टपऱ्या उभ्या होत्या. पोहे-तर्रीची, समोस्याची, झेरॉक्सची, पानठेला, आणि अगदी शेवटी एक खानावळ. मी त्या शेवटच्या टपरीत जेवलो.

मी आसगावकडचा. घरी धानाची शेती, दोन्ही वेळ भात. कॉलेजजवळच्या मेसमध्ये पोळ्या भरपूर द्यायचे आणि भात वाटीनं. पहिल्या महिन्यात मी ताटावरून उठायचो तेव्हा पोट भरलेलं असायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. घरी फोन केला की आई पहिलं विचारायची, जेवलास का, आणि मी हो म्हणायचो. खोलीतला माझा जोडीदार तुमसर तालुक्यातला, आंबागडच्या किल्ल्याखालच्या गावातला. त्याचे वडील जंगलातल्या कामावर जायचे. तोही भातावरच वाढलेला. त्यानंच एके दिवशी दुपारच्या तासानंतर मला भिंतीच्या टोकापर्यंत नेलं आणि म्हणाला, "इथं भात मांगशीन तेवढा देते."

खानावळ नवरा-बायको चालवत. आम्ही त्यांना काकाजी आणि मावशी म्हणायचो. काकाजी पन्नाशीचे, अंगानं वाळलेले, खांद्यावर कायम दुपट्टा. पूर्वी ते अड्याळच्या आसपास लग्नांतून आचारी म्हणून जायचे. पुढे गावोगाव केटरिंगवाले आले आणि ते काम सुटलं. मग दोघांनी इथं येऊन चूल मांडली. मावशी जाडजूड, मोठ्या आवाजाच्या. वाढायचं, बोलायचं, रागवायचं सगळं त्यांच्याकडे. काकाजी पाठमोरे चुलीशी. सकाळी पोहे, वर हरभऱ्याची लाल, तिखट तर्री. दुपारी भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, एक भाजी, आणि थंडीच्या दिवसांत वांग्याला वरून मूठभर सांबार, म्हणजे हिरवी कोथिंबीर. तो भात आमच्या घरच्यासारखाच असायचा, शिताला शीत न चिकटलेला. पहिल्या दिवशी मी चार वेळा भात मागितला. चौथ्यांदा मागताना मला लाज वाटली. मावशींनी ते ओळखलं आणि न विचारता पाचव्यांदा वाढला.

जोडीदारानं मला तिथं नेलं खरं, पण तो स्वतः रोज जेवायचा नाही. तो खर्रा खायचा. शेजारच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटून द्यायचे. त्याची पुडी सकाळी घेतली की तो दुपार काढायचा. खर्रा तोंडात असला की भूक लागत नाही, असं तो मला समजावून सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. जेवणापेक्षा तो स्वस्तही पडायचा. वर्गातली निम्मी पोरं हेच करायची. मीही एक आठवडा करून पाहिलं. भूक खरंच लागली नाही, पण एकदा प्रयोगशाळेत चक्कर आली, हातातली काचेची नळी फुटली, आणि मी ते सोडलं. त्यात माझं शहाणपण काही नव्हतं. मला ते सोसलं नाही, एवढंच.

काकाजीही खर्राच खायचे. पानठेलेवाला त्यांची पुडी न मागता टपरीवरून हात लांबवून द्यायचा. आम्हाला ते कमी बोलणारे, गंभीर माणूस वाटायचे. हसले तरी ओठ मिटून हसायचे. आमची गर्दी ओसरली की ते भिंतीकडे तोंड करून जेवायला बसत. वरणात भात कालवून कालवून त्याचा लगदा करायचे आणि बोटांनी थोडाथोडा आत सारायचे. स्वतः केलेली तर्री त्यांनी कधी खाल्लेली मी पाहिली नाही. हे सगळं मी दीड वर्ष समोर बसून पाहिलं. त्यात काही वेगळं आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात कॉलेजात दातांचं शिबिर झालं. नागपूरहून तरुण डॉक्टर आले होते. हॉलमध्ये रांग लावली. आमच्या रांगेला एक डॉक्टरीणबाई होती. ती दात पाहायच्या आधी प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगायची. माझी गेली. जोडीदाराची दोन गेली, तिसरं अडलं. तिनं त्याला बाजूला घेतलं. मी जवळच उभा होतो. ती त्याला म्हणाली की खर्र्यानं गालाच्या आतली कातडी दोरीसारखी आवळत जाते. आज सोडलास तर जेवढं उघडतं तेवढं तरी राहील. गेलेलं परत येणार नाही. त्यानं मान हलवली आणि बाहेर येऊन पुडी काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळीत तोच खेळ चालला होता. जो तो तोंडात बोटं घालून दाखवत होता. कॉमर्सच्या एका पोरानं चार घातली आणि बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीही हसत होत्या. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "काकाजी, आता तुमी."

कोणीतरी म्हणजे मीच.

काकाजींनी मान हलवली. हातात पळी होती. मावशी हसत म्हणाल्या, "घाला ना. पोट्टे म्हणून राहिले तं."

त्यांनी पळी ठेवली, दुपट्ट्याला बोट पुसलं आणि तोंडाशी नेलं. एक बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं आणि दातांत अडकलं. दुसरं त्यांनी बाजूनं घालून पाहिलं, ते गेलं नाही. एकजण हसला. त्याला वाटलं, ते नक्कल करताहेत. मावशीही आधी हसल्याच. मग त्या चुलीजवळ गेल्या, लहान मुलाची धरावी तशी त्यांची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "आ करा."

"झालं," ते म्हणाले.

"आ करा म्हणते ना."

त्यांनी उघडता आलं तेवढं तोंड उघडलं. मावशींनी त्यांना टिनाच्या सावलीतून उजेडात ओढलं आणि वाकून आत पाहिलं. मी बसलो होतो तिथून मला काकाजींची पाठ दिसत होती आणि मावशींचा चेहरा. गालाच्या आतल्या बाजूला काय होतं ते मी पाहिलं नाही. मावशींचा चेहरा मात्र पाहिला.

"हे कवापासून?"

ते चुलीकडे वळायला लागले.

"मी इचारून राहिली, कवापासून?"

"दिवाळीपासून असन." आणि मग, "मागच्या."

म्हणजे वर्षाच्या वर झालं होतं. आम्ही ताटातलं संपवलं, कारण पुढचा तास होता, आणि उठलो.

नंतर मावशींनी मला आणि जोडीदाराला सगळं सांगितलं. दात दुखतो असं सांगून ते तिखट खात नव्हते. रात्रीची भाकर त्यांनी कधीच सोडली होती. मावशी एवढ्या लोकांना वाढायच्या, कोणाच्या ताटात काय संपलं, कोण आज कमी जेवला, हे त्यांना न पाहता कळायचं. आणि शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाचं तोंड उघडत नाही हे कळलं नाही. हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत, दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं पाहिलं आणि लगेच नागपूरला पाठवलं. तिथं गालातला तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता. ऑपरेशन करून त्यांचा डावीकडचा अर्धा जबडा काढला, जिभेचा कडेचा भाग काढला, आणि छातीची कातडी गालाला लावली. पुढे लाइट देण्याच्या, म्हणजे रेडिएशनच्या, खेपा सुरू झाल्या. नागपुरात त्यांच्याजवळ त्यांचा भाऊ राहिला. मावशी चार दिवस तिथं आणि चार दिवस इथं असं करत. इथं असल्या की खानावळ उघडायची. आम्ही दोघं सकाळी तासाच्या आधी जाऊन कांदे चिरायचो, पाणी भरायचो. मावशींच्या हाताला काकाजींसारखी चव नव्हती. भात कधी गिजगा, लगद्यासारखा व्हायचा, पण कोणी काही म्हणत नव्हतं. त्या दिवसांत पोरं मुद्दाम तिथं जेवायला येत. बाक भरलेले असत. मला तेव्हा आम्ही सगळे फार चांगले आहोत असं वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला काकाजी परत आले.

मी त्यांना ओळखलं ते उभं राहण्याच्या ढबीवरून. चेहऱ्याची एक बाजू आत गेली होती आणि तिच्यावर वेगळ्या रंगाची, केसाळ कातडी होती. ओठांचा डावा कोपरा मिटत नव्हता. त्यातून लाळ गळायची. ती पुसायला दुपट्टा सतत तोंडाशी. बोलणं कोणाला समजत नव्हतं, फक्त मावशींना समजायचं. ते स्वतः गाळलेली पेज घ्यायचे, तीही मान एका बाजूला कलती धरून, हळूहळू. आणि दुसऱ्याच दिवशी ते चुलीपाशी उभे राहिले. मावशींनी घरी बसा म्हणून सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

हात तोच होता. भात पुन्हा मोकळा झाला. पण जिभेला चव उरली नव्हती. मीठ किती झालं ते त्यांना कळत नव्हतं. मी लवकर जायचो म्हणून ते मला जवळ बोलवत, तळहातावर वरणाचे दोन थेंब टाकत आणि भुवया उंचावत. मी चाखून सांगायचो, कमी आहे, किंवा बरोबर आहे. मीठ बरोबर आहे म्हटलं की ते डोळे मिटून मान हलवत. तीन-चार आठवडे हे माझं काम होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

बाक मात्र रिकामे व्हायला लागले. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही. आधी मुली यायच्या बंद झाल्या. त्या नेहमी डबा बांधून न्यायच्या, तोही थांबला. मग कॉमर्सची पोरं. रस्त्यापलीकडे नूडल्सची गाडी लागली होती, तिथं गर्दी दिसू लागली. जेवताना समोर तो चेहरा असायचा, आणि जखमेचा एक वास असायचा. तो फोडणीच्या वासातही वेगळा ओळखू यायचा. मी मनातल्या मनात त्या पोरांना शिव्या द्यायचो.

एका दुपारी आम्ही तिघं-चौघंच होतो. मी भात मागितला. मावशी पाणी आणायला गेल्या होत्या म्हणून काकाजी स्वतः वाढायला आले. दोन्ही हातांत पातेलं आणि झारा, त्यामुळे दुपट्टा खांद्यावरच राहिला. ते वाकले आणि ओठाच्या त्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटून माझ्या ताटाच्या काठावर पडली. भातावर नाही. काठावर. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, दुपट्ट्याच्या टोकानं काठ पुसला, दोनदा पुसला, आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले.

मी जेवलो. सगळा भात संपवला, हात धुतले, येतो म्हणालो. ग्रंथालयाच्या मागे कोणी नसतं, तिथपर्यंत चालत गेलो आणि सगळं ओकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोट बरं नाही असं जोडीदाराला सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं नाही. तो एकटाच गेला.

मग मी कॉलेजच्या मागच्या फाटकातून जाऊ-येऊ लागलो. दुपारी समोसे खायचो, कधी बसस्टँडजवळ अंडाभात. एका रविवारी भाजीबाजारात मावशी समोर आल्या. मला वळता आलं नाही. त्यांनी काही विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं की मला होस्टेलच्या मेसमध्ये जागा मिळाली, आता तिथंच जेवतो.

"बरं झालं बाबू," त्या म्हणाल्या. "पोटभर भेटते ना?"

मी हो म्हणालो. त्यांच्या पिशवीत एक भोपळा आणि थोडी वांगी होती. पूर्वी त्या पोत्यानं भाजी न्यायच्या.

काही दिवसांनी जोडीदारानं सहज सांगितलं की काकाजींनी चुलीपुढे पोत्यांचा पडदा बांधला आहे. स्वतःच बांधला. आता ते पडद्यामागे रांधतात आणि मावशी बाहेर वाढतात, लोकांना ते दिसत नाहीत. मी पुस्तक वाचत होतो, तसाच वाचत राहिलो. आता जाता येईल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर पहिलं हेच वाटलं. पण होस्टेलचं खोटं मध्ये आलं होतं. मेस सोडली म्हणून सांगता आलं असतं. मी ते वाक्य बरेच दिवस मनात घोकलं. गेलो नाही.

त्याच सुमारास केव्हातरी जोडीदाराचा खर्रा सुटला. त्यानं मला सांगितलं नाही. खोलीतला वास गेला म्हणून मला कळलं. तो रोज दुपारी जेवायला लागला, आणि खानावळीतच. माझ्याशी त्याचं वागणं बदललं नाही. मी कुठं जेवतो हे तो विचारत नसे, आणि मी तो कुठून आला हे विचारत नसे. एका खोलीत राहून हे कसं जमलं, मला आता नवल वाटतं.

परीक्षा झाल्या आणि आम्ही गावाला गेलो. पुन्हा आलो तेव्हा खानावळीला कुलूप होतं. पडदा तसाच होता, पावसानं एका बाजूनं गळून पडलेला. पानठेलेवाल्यानं सांगितलं की काकाजी जेठ महिन्यात गेले. मानेत पुन्हा गाठी आल्या होत्या. यावेळी नागपूरला नेऊन उपयोग नव्हता. शेवटी पेजही उतरत नव्हती. हे सांगताना त्याचा हात पन्नीवर चालूच होता, समोर दोन नवीन पोरं पुडीसाठी उभी होती. मावशी गावी गेल्या का, असं मी विचारलं. अड्याळकडं कुठंतरी गाव आहे त्यांचं, तो म्हणाला.

माझी गावाकडची बस अड्याळवरूनच जायची. शेवटच्या वर्षात मी त्या रस्त्यानं कितीतरी वेळा गेलो. बस तिथं बराच वेळ थांबते. लोक उतरून चहा पितात. मी खिडकीत बसून राहायचो. खानावळीच्या टपरीत पुढे मोबाइलच्या काचा बदलून देणारा आला.

यानंतर काही वर्षं गेली. मला तालुक्याच्या कार्यालयात कंत्राटी नोकरी लागली. शाळांमधून पोषण आहाराचा तांदूळ नीट ठेवला आहे का, नोंदी बरोबर आहेत का, हे पाहत मोटारसायकलवरून गावं फिरायची. अशाच एका गावात, प्राथमिक शाळेच्या मागच्या स्वयंपाकघरात, मावशी होत्या. खूप वाळल्या होत्या. मोठ्या भगोन्यात भात होता आणि त्या झाकण धरून उभ्या होत्या. हेडमास्तरांनी माझी ओळख करून दिली, साहेब तालुक्याहून आले म्हणून.

हेडमास्तर नोंदवही आणायला गेले तेव्हा मी विचारलं, "मावशी, ओळखलं का?"

"ओळखलं ना. तुमी भात लय मांगत."

पूर्वी त्या मला तू म्हणायच्या. आता तुमी म्हणत होत्या. नोकरी, मोटारसायकल, हेडमास्तरांचं साहेब. मी ते दुरुस्त केलं नाही. मग जे इतकी वर्षं घोकलं होतं त्यातलंच काहीतरी बाहेर आलं. मी म्हणालो की तेव्हा होस्टेलच्या मेसचं सांगितलं होतं, ते खरं नव्हतं.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या जोडीदारानं तवाच सांगतलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भगोन्याखालची आच त्यांनी कमी केली आणि मग, मी काही विचारलं नसताना, सांगायला लागल्या. पडदा बांधल्यावर काकाजींना बाहेरचं दिसत नव्हतं. ते आतून विचारत राहत, कोण आलं, कोण आलं. मावशी रिकाम्या बाकांसमोर उभ्या राहून एकेकाचं नाव घ्यायच्या. हा आला, तो आला, आज तर जागा नाही बसायला. ताटं वाजवायच्या. मग आतून ते जास्तीचा भात टाकत, आणि तो संध्याकाळी गाईंना जात असे.

"माझंही नाव घेत होत्या?"

"तुमचं तं रोजच घेत होती. तुमचा जोडीदार आला का मोठ्यानं दोन ताटं मांगे. त्याहिले ऐकू जावं म्हणून." त्यांनी झाकण सरकवून भात पाहिला. "एक डाव मले म्हणाले, थो पोट्टा येते तं बोलत काहून नाही? म्या म्हटलं, त्याले भूक लागली राह्यते. जेवतानी बोलत नाही."

"मग?"

"मंग काही नाही. पुसलं नाही मंग कवा."

काकाजींनी ते खरं मानलं होतं का, हे मी विचारलं. मावशी म्हणाल्या, आपल्याला माहीत नाही. माणूस आतून पडद्याकडे पाहत राहायचा, एवढं त्यांनी पाहिलं होतं. पोत्याचं कापड विरळ असते, त्या म्हणाल्या. उन्हात पलीकडचं थोडं थोडं दिसते.

हेडमास्तर वही घेऊन आले. घंटा झाली आणि पोरं ताटल्या घेऊन व्हरांड्यात रांगेनं बसली. मावशी भगोनं उचलायला गेल्या. एकटीनं उचलवत नव्हतं, दुसरी बाई धावली. मी तांदळाची पोती मोजली, सही केली, साठा बरोबर असल्याचा शेरा लिहिला. निघताना मावशी वाढत होत्या, पाठमोऱ्या. मी येतो म्हणालो. पोरांच्या गोंगाटात ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

जोडीदार आता तुमसरकडे लाकडाच्या डेपोत कामाला आहे. आमचा फोन होतो. त्याचं तोंड अजून दोनच बोटं उघडतं. मुलीला गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला नेतो तेव्हा स्वतःची फोडून खातो, असं त्यानंच हसत सांगितलं. त्या दुसऱ्या ताटाचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि मीही अजून विचारलेलं नाही. खर्रा सुटल्यावर त्याची भूक वाढली होती. ते ताट तो स्वतः खायचा की तसंच मावशींना परत करायचा, मला माहीत नाही.

त्या शाळेवरची माझी पुढची खेप दोन महिन्यांनी होती. मी कार्यालयातल्या सहकाऱ्याला म्हटलं की त्या बाजूचा रस्ता फार खराब आहे, माझ्या पाठीला झेपत नाही, आणि त्याच्याशी गावं बदलून घेतली. तो जाऊन आला. म्हणाला, रस्ता तर चांगला आहे.